चित्र मागून येतं

३ फेब्रुवारी, सोमवार

क्रेनची केबिन आज रिकामी. मान वर केली तर नुसती काच. इथे आल्यापासून वर बघितलं की काचेआड क्रेन चालवणाऱ्या काकाचा चेहरा दिसायचा. दाढी वाढलेला, झोपाळू, पण नजर माझ्यावर. मी पाइपांच्या गठ्ठ्याला पट्टा बांधायचो, आकड्यात अडकवायचो, बाजूला व्हायचो, हात वर करायचो. काका बघायचा आणि उचलायचा. बस्स.

आता चार कॅमेरे बसवलेत. केबिनमधले दांडे काढून ऑफिसशेजारच्या खोलीत आणलेत. काका तिथे खुर्चीत बसून, पडद्यावर बघून क्रेन चालवणार. साहेब म्हणाले, "एवढं स्पष्ट दिसतं की तुझ्या नाकावर माशी बसली तरी कळेल!" सगळे हसले. मीही हसलो. हसायला काय जातं.

५ फेब्रुवारी

मूठ दाखवली — थांब! तरी गठ्ठा वर चाललेला. मग एकदम थांबला आणि असा झोका बसला की मी ट्रकखाली शिरलो.

जेवणाच्या सुट्टीत काकाच्या खोलीत गेलो. "काका, डुलकी लागली होती का?"

काका चिडला. "तोंड सांभाळून बोल. पडद्यावर तुझा पंजा उघडाच होता. उचल म्हणत होतास!"

दोघांनीही डबा उघडला नाही.

६ फेब्रुवारी

झोप नाही.

८ फेब्रुवारी

लंबूला विचारलं. लंबू म्हणजे खोलीतला सोबती, माझ्या खांद्याला लागतो, म्हणून लंबू. सुट्टी असली की फोनवर सिनेमे बघत पडलेला असतो. त्याने सगळ्यात भारी चित्र लावून दाखवलं — हिरोच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा! पण हिरो पळता पळता थांबला, आवाज पुढे गेला, आणि मग हिरो एकदम भिंतीपलीकडे. भिंत ओलांडली कधी, दिसलंच नाही.

"नेट झकास आहे रे," लंबू म्हणाला. "फोनच म्हातारा झालाय. एवढं चित्र त्याला झेपत नाही. धापा टाकतो."

मग त्याने चित्र जरा हलकं केलं. मिशी गेली, हिरो सरळ पळायला लागला.

हिरोचं ठीक आहे. तो अडकला तर लंबू शिव्या देतो, एवढंच.

१० फेब्रुवारी

काकाने कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने मशीनवर हात ठेवला आणि झटकन काढला — तवा झालेला! "कॅमेरे नवे, मशीन जुनं. चारही चित्रं एकदम आली की ते मागे पडतं." नवं मागवलंय म्हणे. कधी येणार? "अरे, मागवलंय ना!"

जाताना त्याने चित्र हलकं करून दिलं. दिवसभर क्रेन शहाण्यासारखी चालली. पंजा — वर. मूठ — थांब. मी शीळसुद्धा घातली.

११ फेब्रुवारी

शीळ कुठली! हेच चित्र मालक घरी बसून मोठ्या टीव्हीवर बघतात. सकाळीच साहेबांना फोन: "ही माणसं आहेत की डाग?" साहेबांनी पुन्हा भारी चित्र लावलं.

काका म्हणाला, "साहेब, धूसर होतं पण वेळेवर येत होतं."

"म्हणजे न दिसता चालवणार? काही झालं तर मान कुणाची? नवं येईपर्यंत सावकाश चालवा."

साहेबांचंही अगदीच खोटं नाही. काकाने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं — धूसर चित्रात माझी मूठ आणि माझा पंजा त्याला सारखाच दिसत होता. म्हणजे मी शीळ घालत होतो तेव्हा खोलीत सगळा अंदाजाचा कारभार!

मी स्पष्ट दिसतो तेव्हा उशिरा दिसतो. वेळेवर दिसतो तेव्हा डाग.

१४ फेब्रुवारी

युक्ती काढली. खूण केली की हलायचंच नाही. गठ्ठा जागेवर जाऊन बसेपर्यंत तसंच उभं राहायचं. चित्र मागून आलं तरी मी तिथेच असेन — मग पडदा खोटा कसा पडेल? घाम डोळ्यात जातो, पुसत नाही. ट्रकवाले हॉर्न मारतात. "अरे ए पुतळ्या, हार घालू का?"

हार नको. एवढ्यात तरी नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

आईचा व्हिडिओ कॉल. "अरे, अडकलास वाटतं. हलत नाहीयेस." मी अडकलो नव्हतो. सवयीने तसा बसलो होतो. हात हलवून दाखवला तेव्हा तिला बरं वाटलं.

"काम जड नाही ना?"

"नाही गं. सगळं मशीनच करतं. मी नुसता उभा असतो."

"मग छान आहे की! आमच्या नशिबी असं उभं राहणं नव्हतं."

फोन ठेवल्यावर उलटी झाली. लंबू म्हणाला काहीतरी शिळं खाल्लं असशील. हो म्हणालो.

१९ फेब्रुवारी



गठ्ठा समोर खाली येत होता. मी मूठ वर करून पुतळा झालेलो. तेवढ्यात पट्टा एका बाजूने सरकला, एक पाइप घसरून खण्णकन पडला, आणि पाय आपोआप पळाले. मी नाही पळालो, पाय पळाले! डावीकडे. आणि क्रेनही डावीकडे वळली.

काकाला पाइप पडलेला दिसला. पण पडद्यावर मी अजून जुन्या जागीच उभा — मूठ वर, ठणठणीत! म्हणून त्याने गठ्ठा माझ्यापासून लांब न्यायला घेतला. लांब म्हणजे डावीकडे. म्हणजे माझ्याच अंगावर.

एका पाइपाचं टोक हेल्मेटला घासून गेलं. फुटलं नाही. खोल ओरखडा आहे. बोट फिरवून बघतो. ठेवून देतो. पुन्हा बघतो.

काका धावत आला, एका पायात बूट, एका पायात नाही. आधी मुस्काटात दिली. मग घट्ट धरलं. सोडेचना. "मी तुला वाचवत होतो रे! वाचवत होतो!"

२० फेब्रुवारी

साहेब म्हणाले, थोडक्यात निभावलं. उद्या मालकांकडे पाहुणे येणार, त्यांना हे चित्र दाखवायचंय, काम बंद ठेवता येणार नाही. मशीन पुढच्या आठवड्यात नक्की. मी म्हणालो, मी नाही उभा राहणार. तर म्हणाले, "बरं. मग खोली कंपनीची आहे, एवढं लक्षात ठेव." लंबूने सल्ला दिला, "आजारी पड." त्याला सगळ्यावर तेवढाच उपाय माहीत.

पण काकाच खुर्चीत बसेना. साहेबांसमोर उभा राहून म्हणाला, "पट्टा मी बांधतो. याला बसवा इथे. सुट्टीत मीच केबिनमध्ये शिकवलंय याला, चालवतो चांगली."

"काका, या वयात खाली?"

"व्हायचं ते माझ्यावर होऊ दे. माझ्या हातून नको."

साहेब बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

मला कुणी विचारलंच नाही. खरं सांगायचं तर आधी हायसं वाटलं. खोलीवर येऊन बूट काढले, आणि मग कळलं काय झालंय ते: आता काका खाली, दांडे माझ्या हातात.

२१ फेब्रुवारी

खुर्ची मऊ. पडद्यावर काका — भुवईतला पांढरा केससुद्धा दिसत होता. त्याने पट्टा बांधला, बाजूला झाला, पंजा वर केला. मी दांड्याकडे हात नेला. हा काका आत्ताचा की मघाचा? कळेना. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो. साहेब आले, ओरडले, मालकांचा फोन वाजत राहिला. शेवटी साहेब म्हणाले, "खोली रिकामी कर!" म्हणालो, करतो. पण हात काढले नाहीत. काका खाली अजून पंजा वर करून उभा होता.