ग्लासवरची चकती

शनिवार, ६ सप्टेंबर

सगळ्यात आधी कोण टपकलं असेल? प्रॉक्टरबाई! पबांची फेरी दोनची, आणि ही पावणेदोनलाच बाजारचौकातल्या दगडी मंडपाखाली उभी. छत्री, निळी फाइल, आणि तोंड असं की लोणच्याची बरणी नासलेली निघालीय. नगरमंडळाची चिटणीस झाल्यापासून हिला श्वास घ्यायला वेळ नसतो म्हणे, आमच्या मागे फिरायला बरा असतो. "मी आपली सहज आले हं, एफी." सहज! फाइल घेऊन सहज कोण येतं?

मग नॉर्विचचं जोडपं आलं. त्यांचा कुत्रा तीन पायांचा — काय गोड ध्यान! पाचही पबांच्या पायऱ्या चढला-उतरला. बेल पबात मालकीणबाई बेरिलने त्याला सॉसेज दिलं. मला विचारलं नाही. आणखी चार माणसं होती, पण कुत्रा लक्षात राहिला.

माझा सिरिल आज काय दिसत होता! एक्क्याऐंशीचा आहे, पण पितळी मुठीची काठी हातात आली की पाठ सरळ. एकतीस वर्षं झाली. ईस्टर ते ऑक्टोबर, दर शनिवारी, गावातल्या जुन्या पबांची फेरी हाच नेतो. जॉर्ज पबात डुकराची गोष्ट सांगितली — मालकाचं डुक्कर सांडलेली बिअर पिऊन चर्चमध्ये शिरलं आणि पाद्र्याच्या खुर्चीत घोरत पडलं. लोक पोट धरून हसले. मग बेलमध्ये परत तीच. अगदी पहिल्यापासून. डुक्कर, चर्च, खुर्ची.

मी खोकले. आमचं तसं ठरलेलंच आहे — म्हणजे मीच ठरवलंय. मी सगळ्यांच्या मागे चालते. तो अडला की खोकते, रुमाल पाडते, नाहीतर मोठ्याने विचारते, "आणि त्या सुताराचं काय झालं हो पुढे?" दोन वर्षं चाललंय, कोणाला पत्ता नाही. आज खोकून खोकून घसा बसला, तरी डुक्कर खुर्चीत जाऊन झोपलंच. नॉर्विचची बाई भली, दुसऱ्यांदाही हसली. प्रॉक्टरबाई हसली नाही. तिने लिहिलं.

रविवार, ७ सप्टेंबर

टॅम्सिनचा लीड्सहून फोन. नातवंडांत ती एकच, पण दहांना भारी! ही वही तिनेच दिली. "आजी, पोटातलं कोणाला सांगत नाहीस, निदान लिही तरी." मी पंधराव्या वर्षी शाळा सोडलेली, मला काय लिहिता येतंय? पण बघ, भरतायत पानं.

शाळा सोडली ती वूलपॅक पबात ग्लास विसळायला. तिथेच सिरिल भेटला. मी सतराची. पुढे बसून बिअर पीत होता. ग्लास अर्धा झाला तेव्हा त्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवून उठला — म्हणजे, मी येतोय, ग्लास उचलू नका. आणि आला कुठे, तर मागच्या दाराने माझ्याकडे! मी बाटल्यांचे क्रेट रचत होते. तासभर बोलत बसला. काय बोलला ते आठवत नाही, त्याचे कान लाल झालेले आठवतात. आत मालक म्हणत होता, ओतून टाका ती बिअर. मी म्हटलं, खबरदार, चकती आहे. तासाने परत आत जाऊन ती गरम, बेचव बिअर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. अशा माणसाशी लग्न नाही करायचं तर कोणाशी?

टॅम्सिन म्हणाली, "आजी, आजोबांना डॉक्टरकडे ने." मी म्हटलं, शेगडीवरचे आलुबुखार उतू जातायत, ठेवते.

उतू जात नव्हते.

बुधवार, १० सप्टेंबर

सिरिल नाश्ता करून बाहेर पडला. टाय, काठी, सगळं. एक वाजता परत. "एफी, आज एकही माणूस आलं नाही ग फेरीला. चौक नुसता भरलेला, आणि माझ्याकडे कोणी नाही."

बुधवारचा बाजार होता. भाजीवाले आणि चीजवाला. मी म्हटलं, हवा वाईट आहे ना.

स्वच्छ ऊन पडलं होतं.

शनिवार, १३ सप्टेंबर

अक्षर बघ कसं येतंय.

अकरा माणसं होती. जॉर्ज छान झालं, डुक्कर एकदाच आलं. बेलमध्ये सिरिलने चार घोट घेतले, ग्लासवर चकती ठेवली आणि मागच्या अंगणात गेला, मोरीकडे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बेरिल बारमागून म्हणाली, "म्हातारपणी वेळ लागतो ग बाई, आमच्या ह्यांना तर वर्तमानपत्र लागतं." लोक हसले. मीही हसले. चीजचा पाव खात होते.

अर्ध्या तासाने मी उठले, तर बेरिल म्हणते, "एफी, चकती आहे ना? मग येईल." आणि मी बसले! हेच मला — मी परत बसले. माणूस नाहीसा झाला, आणि आम्ही सगळे त्या पुठ्ठ्याकडे बघत बसलो. या गावात जन्मलेल्या कोणीही हेच केलं असतं. एका पाहुण्याने टेबल आवरायला म्हणून तो ग्लास सरकवला, तर बेरिलने त्याच्या हातावर चापट मारली. "चकती दिसत नाही? कुठल्या गावचा रे तू?"

पाहुणे एकेक करून पांगले. पावणेदोन तास झाले तेव्हा बेलचा फोन वाजला. दातांच्या दवाखान्यातून. म्हणजे पूर्वीचं वूलपॅक — ते बंद होऊन वीस वर्षं झाली. अंगणाच्या फाटकातून बाहेर पडून हा सरळ तिथे गेला होता. गेलो तर काय, सुजलेल्या गालांच्या दोन बायकांच्या मध्ये बसलाय, काठी गुडघ्यांत, खुशीत! तिथल्या पोरीने पाणी दिलेलं. ती मला हळूच म्हणाली, "आजी, हे मघापासून दोन ग्लास मागवतायत. आणि म्हणतायत, आतल्या मुलीला सांग मी आलोय."

आतली मुलगी.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आलीस होय! किती वेळ लावलास." म्हणजे ओळखलं. देवा, ओळखलं.

परत बेलमध्ये आलो तर ग्लास तिथेच, चकतीसकट. बसून संपवला त्याने.

रविवार, १४ सप्टेंबर

मी चीजचा पाव खात होते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

प्रॉक्टरबाई लिंबाचा केक घेऊन आली. विकतचा. विकतचा केक घेऊन बाई आली की समजायचं, बातमी वाईट.

"एफी, मला वाईट वाटतंय ग." मी म्हटलं, वाटू दे, चहा घे. तर म्हणे, मंडळाने एक तरुण बघितलाय. तो लोकांच्या कानात यंत्रं घालतो, मग सगळ्यांना सारखं ऐकू येतं. पुढच्या वर्षीपासून फेरी त्याच्याकडे द्यावी असं चाललंय. मी म्हटलं, "त्याला डुक्कर माहीत आहे का?" ती म्हणाली, "एफी, माणूस हरवला होता. उद्या नदीकडे गेला असता तर? काय सांगितलं असतं आम्ही?"

खरं तेच बोलत होती. मला रागवायचं होतं आणि रागावताच येईना.

मग मी भीक मागितली. लिहायला लाज वाटते, पण मागितली. तिला म्हटलं, काठी काढून घेतलीस तर तो सकाळी उठेल कशाला? हे एकच सांग. ती बराच वेळ केकचा चुरा गोळा करत बसली. मग म्हणाली, "सत्तावीसला ते चर्चच्या घंटा वाजवणारे घंटावाले येतायत फेरीला. मी स्वतः चालेन बरोबर. सगळं नीट झालं, तर पुढच्या वर्षी परत सिरिल. नाहीतर नाही."

ती गेल्यावर सिरिलने आतून विचारलं, "भली बाई वाटली. कोण ग?"

शनिवार, २० सप्टेंबर

आज फेरीला कोणी नव्हतं, म्हणून दोघंच तालमीला निघालो. जॉर्जपुढे उभं केलं. एक शब्द नाही. पाटीवर नाव वाचतोय आणि नुसता बघतोय. मला रडू आलं, पण नाकाला सर्दी म्हणून रुमाल लावला.

परत फिरलो तर घोड्यांवर पैजा लावायच्या दुकानाशी हा थांबला. पूर्वीचं ग्रेहाउंड. आणि सुरू! मालक एका डोळ्याने अधू, त्याची बायको कोंबड्या बारखाली ठेवायची, डावीकडे कोणाची खुर्ची, उजवीकडे कोणाची, १९६८ साली खिडकी कोणी फोडली आणि कशाने — बुटाने! एकदाही अडला नाही. मी खोकायला तोंड उघडून उभी, आणि खोकायची वेळच येईना.

मग त्याला ब्लू बोअरपाशी नेलं, तिथे आता केस कापतात. तेही पाठ! उघडे पब सगळे पुसले गेलेत, आणि बंद झालेले आत जसेच्या तसे उघडे आहेत.

बेरिलला सांगितलं, घंटावाल्यांना नसलेले पबच दाखवायचे. ती म्हणाली, "वेडी का तू? पब नाहीत तर ते पिणार काय?" मी म्हटलं, तुझ्याकडे शेवटी आणते, तहानलेले. तेव्हा एकदम पटलं तिला.

शनिवार, २७ सप्टेंबर

काय सांगू! काय सांगू!

बारा घंटावाले आले, डेव्हनमधल्या कुठल्याशा खेड्यातले. गावोगावच्या चर्चच्या घंटा वाजवत हिंडायचं आणि मग पबात जायचं, हाच त्यांचा धर्म. आल्याआल्या आमच्या चर्चच्या वाजवल्या, अख्खा चौक दणाणला. म्होरकी जॉइस टटल नावाची बाई, दंड असे की माझ्या मांड्या! "चला आजोबा, आमची घशाची घंटा कोरडी पडलीय." सिरिलने टोपी काढून तिला नमस्कार केला.

आणि मग जे चाललं! ग्रेहाउंडच्या कोंबड्या, ब्लू बोअरचा तो पियानो वाजवणारा, ज्याला एकच गाणं यायचं. केस कापणारी पोर गिऱ्हाईक तसंच ओलं सोडून दारात ऐकायला आली. घंटावाले एकमेकांना ढोसत होते. एकजण म्हणाला, "आमच्या गावचा मेलेला पब कोणी असा उठवून दाखवेल का?" प्रॉक्टरबाई बाजूने चालत होती, फाइल काखेत. एक अक्षर लिहिलं नाही. मी मोजून शून्य वेळा खोकले.

शेवटी दातांचा दवाखाना. तिथल्या पोरीने आम्हाला आत घेतलं. सिरिलने काठीने दाखवलं — बार इथे, शेगडी तिथे. "आणि त्या दाराआड एक मुलगी ग्लास विसळायची. नाक मुरडायची कायम. पण माझा ग्लास तासभर राखून ठेवला तिने. मालक ओरडत होता, तरी."

जॉइसने विचारलं, "मग आजोबा, त्या मुलीचं पुढे काय झालं?"

मी वाट बघितली. तो वळेल, काठी माझ्याकडे करेल आणि म्हणेल, ही काय मागे उभी. एकतीस वर्षं हेच म्हणतो, आणि लोक टाळ्या वाजवतात.

त्याने सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडेही. म्हणाला, "आत असेल की. थांबा, बघून येतो."

घंटावाले खो खो हसले. केवढी टाळी दिली! त्यांना वाटलं, काय म्हातारा रंगेल आहे. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

बेलमध्ये प्रॉक्टरबाईने शेरी घेतली. दोन घेतल्या! गाल लाल. माझा हात दाबून म्हणाली, "पुढच्या वर्षी अशीच करा, एफी. बंद पबांचीच." मग दुसरा हातही दाबला. मला वाटतं तिला कळलं असावं. जॉइस टटलने ग्लास उंचावून सांगितलं, ११ एप्रिलला वीसजण आणते. सिरिल म्हणाला, आणा, आणा, मी काय कुठे जातोय!

पुढच्या वर्षीची दिनदर्शिका अजून घेतली नाही, म्हणून वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. ११ एप्रिल. मोठ्या अक्षरात.

रविवार, २८ सप्टेंबर

सकाळी टाय बांधून खाली आला. मी अंडी उकडत होते. दारात थबकला, मग फार अदबीने म्हणाला, "बाई, फेरीसाठी आलात का? आज नसते हो. शनिवारी, दोन वाजता, दगडी मंडपापाशी. याल ना? लोक येतो म्हणतात आणि येत नाहीत."

मी म्हटलं, येईन.

चहाचे दोन घोट घेऊन बागेत गेला. कपावर बेलची चकती ठेवून. मी कप हलवला नाहीये.

शनिवारी, ४ ऑक्टोबरला, दोन वाजता. येईन म्हणून सांगितलंय त्याला.