पैकीच्या पैकी

सोमवार, ७ जुलै

साडेपाच.

डॉक्टरांनी वही लिहायला लावलीय. रोजच्या दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. महिन्याने ती वही बघून ऑपरेशन कधी ते ठरणार. गुण त्या वहीत, बाकीचं इथे.

बावीस वर्षं मुरबाडच्या शाळेत संस्कृतचे पेपर तपासतेय. गुण देणं मला जड नाही. आजचं उत्तर कंबरेत सुरू झालं, उजव्या मांडीत संपलं. मुद्दे बरोबर, मांडणी विस्कळीत. अर्धा कापला.

मंगळवार, ८ जुलै

पाच.

एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर नको तिथे उगवतं आणि दर महिन्याला तिथेच रक्त गाळतं. चौदाव्या वर्षापासून दुखतंय, नाव मिळालं त्रेचाळिसाव्या वर्षी. बारसं जरा लांबलं.

शहापूरहून शालनचा फोन. धाकटी बहीण, पण आवाज आजीबाईचा. "आत्या म्हणते, लग्न केलं असतंस तर कधीच बरं झालं असतं." म्हटलं, आत्याच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, तिचे गुडघे का नाही बरे झाले?

शुक्रवार, ११ जुलै

सहा.

नववीला 'माला' शब्द चालवायला शिकवून झालं. सरावाला 'पीडा' दिला. पीडा, पीडे, पीडाः. सकाळी एकवचन होतं, दुसऱ्या तासाला द्विवचन. आता बहुवचन. उरलेला तास फळ्याला पाठ टेकून घेतला. पाठीवर अख्खा तक्ता उमटला म्हणे.

नववीतली रोशनी आज परत गैरहजर. महिन्यातून तीन दिवस, अगदी नेमाने. तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला – 'सबबी पुरे.' अक्षर सुरेख आलं.

बुधवार, १६ जुलै

सहा.

मधल्या सुट्टीत ग्रंथालयात नकाशांच्या कपाटामागे आडवी झाले. तिथे सतरंजी असते, गुणाबाईने घातलेली. गुणाबाई शाळेची सेविका. दाराशी स्टूल टाकून बसते. मुख्याध्यापक विचारायला आले तर तिचं ठरलेलं उत्तर, "बाई पेपर तपासतात."

आज त्यांनी विचारलं, जुलैत कसले पेपर?

"मागच्या सालचे. बाई लय बारीक तपासतात."

गुरुवार, १७ जुलै

सहा. गोळी दोनदा. घरी येऊन तशीच पडले, चपलेसकट.

सोमवार, २१ जुलै

साडेसहा द्यावेत असं मनात आलं. सहाच दिले.

सातच्या वर मी आजवर कुणालाही दिलेले नाहीत. बाबांनी मला संस्कृत घ्यायला लावलं. म्हणायचे, जी भाषा आपल्या कानावर पडू द्यायची नव्हती, तिचे पेपर आपण तपासायचे. तपासायला बसले तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, बौद्धवाड्यातली बाई, सढळ हाताने वाटेल गुण. त्या दिवसापासून हात आखडला तो आखडलाच.

मंगळवार, २९ जुलै

काही नाही. म्हणजे सहाच. लिहायचा कंटाळा.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

हॉस्पिटलचा दिवस. कल्याणच्या जीपमध्ये मधली सीट, प्रत्येक गतिरोधक पोटातून गेला. सोबत गुणाबाई. नको म्हटलं तरी आली.

डॉक्टर पोरसवदा, पण नीट वागणारे. वही चाळली. "सरासरी सहा. सातपर्यंत एकदाही नाही. छान. मग गोळ्यांवर थांबू. यादी मोठी आहे, दिवाळीनंतर बघू."

मी "बरं" म्हणाले. दिवाळीनंतर म्हणजे अजून तीन महिने कपाटामागे. तरी बरंच म्हणाले. पिशवी उचलली.

गुणाबाई मात्र उठेना.

"डाक्टर, ही बाई पोरांना कधी पैकीच्या पैकी देत नाय. दुखन्याला काय देनार?"

ते हसले. मग हसायचे थांबले. "मग सहा म्हणजे नक्की काय?"

"सहा म्हंजे भिंत धरून संडासला जातात. वहीत दिसतात का भिंती?"

"मॅडम, आजवरचं सगळ्यात वाईट दुखणं – त्याला किती द्याल?"

"सात," मी म्हणाले.

"मग वरचे तीन कोणासाठी ठेवलेत?"

बावीस वर्षांत हा प्रश्न एकाही पोराने विचारला नव्हता. त्यांनी पुन्हा तपासलं, पुन्हा सोनोग्राफी केली आणि माझा कागद दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवला.

परतताना रायत्याच्या पुलावर गुणाबाईला म्हटलं, भिंतीचं सांगायची काय गरज होती? म्हणाली, "मग तुमी सांगायचं व्हतं. संस्कृतात."

गुरुवार, १४ ऑगस्ट

फोन आला. पुढच्या शुक्रवारी तपासण्या, दोन सप्टेंबरला ऑपरेशन. दिवाळी मोकळी.

आजचे गुण – आठ. लिहिताना हात थांबला. खाडाखोड केली नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

शालन दोन तारखेला येऊन राहते म्हणाली. आत्यालाही आणू का, असं विचारलं. तेवढं दुखणं नको म्हटलं.

रोशनी परत गैरहजर. सवयीने शेऱ्याला पेन उचललं. हजेरीची मागची पानं चाळली. जुलैत तीन दिवस, जूनमध्ये तीन. पेन ठेवलं. गुणाबाईला विचारलं, तुमच्याच पाड्यावरची ना ती? उद्या तिला घेऊन येशील?

बुधवार, २० ऑगस्ट

रोशनी आली. मागच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरून उभी. कपाळावर घाम. विचारलं, पोटात दुखतं ना? दहापैकी किती?

"तीन, बाई. जास्त नाय."

माझीच विद्यार्थिनी.

शेरा खोडला. गुणाबाईला सांगितलं, तिच्या आईला विचार. शुक्रवारच्या जीपमध्ये आणखी दोन जागा धर.