परत आलेली झबली

तारीख अकरा, बुधवार, दुपार

प्रिय धाकटीस,

तू परत पाठवलेलं गाठोडं आज पोचलं. झबली सहा, लंगोट डझनभर, टोपरी दोन, दुपटं एक. सगळं मोजून घेतलं, कमी काही नाही. तिकिटं मात्र तू कमी लावलीस. टपालवाल्याने दुप्पट दंड मागितला, तो मला भरावा लागला. नको असलेली वस्तू परत करताना निदान पुरती तिकिटं लावावीत.

इकडे आम्ही ठीक आहोत. यांची गोदामातली पाळी बदलून सकाळची झाली. आमचा गुंड्या भिंतीला धरून उभा राहतो, धपकन बसतो, मग कुणी बघतंय का ते पाहतो आणि त्याप्रमाणे रडायचं की नाही ते ठरवतो. तू कंबरेला जप. बाळंतपणात दुखणं धरलं की जन्मभर सोबत करतं.

गाठोड्यातली चिठ्ठी वाचली. "वहिनी, राग मानू नका, पण बाटवलेल्या मुलाच्या अंगावरचे कपडे आईंना आमच्याकडे नको वाटतात." आईंना नको वाटतात. तुला काय वाटतं ते लिहिताना तुझं पेन कचरलं. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टंकून ही सवय लागत असेल.

त्याच चिठ्ठीत तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारख्या, तुझ्या आणखी दोन ओळी आहेत. बाळ आंघोळीला फार रडतो, लंगोटाला रक्ताचा ठिपका लागतो, आई म्हणतात उघडतंय, लागायचंच. दोन दिवस अंग कोमट आहे, दूधही कमी घेतो, आई म्हणतात तेल जिरतंय.

हे पत्र त्या दोन ओळींसाठी आहे.

आधी काम सांगते. मुलाला उचल आणि मुलांच्या दवाखान्यात जा. महिन्याभराच्या मुलाला ताप असला की घरी बसून वाट बघायची नसते. सर्दी नाही, खोकला नाही आणि ताप आहे असं सांग, आणि लघवी तपासा असं तू आपण होऊन म्हण. लंगोट पिळून नेलेली चालत नाही, ती ते त्यांच्या पद्धतीने घेतात. तेव्हा तो रडेल. तू रडू नकोस. बाकीचं पत्र तिथल्या बाकावर बसून वाच.

भाऊजींच्या नावाने त्यांच्या छापखान्यात तारही केली आहे. "मुलाला दवाखान्यात न्या, लघवी तपासा." तारेत एवढंच मावलं. तार वाचून तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. थोरलीच्या पोटात दुखतंय, तिचं पोर सदा आजारी, माझं धडधाकट, ते तिला बघवत नाही. त्याआधी मी तुमच्या खालच्या दुकानात फोन केला होता. तुला बोलवा म्हटलं तर आई आल्या. "ती निजलीय. तू तुझं बाटलेलं सांभाळ," म्हणाल्या आणि फोन ठेवला. घरी आलेलं पाकीट त्या आधी फोडून दुकानदाराच्या मुलीकडून वाचून घेतात, म्हणून हेही छापखान्याच्या पत्त्यावर घालते आहे.

आता का, ते लिहिते.

गुंड्या तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा तापला. पुढच्या काही महिन्यांत आणखी दोनदा. दर वेळी लघवीत पू निघायचा. तुला हे माहीत आहे, कारण तेव्हा तू बघायला आली होतीस आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून भाऊजींना म्हणाली होतीस, "पोराला कोरडं ठेवता येत नाही का या बाईला? दिवसभर घरातच तर असते." मी आत भांडी घासत होते. नळ चालू होता, तरी ऐकू आलं.

मी त्याला दिवसातून किती वेळा बदलत होते ते माझं मला ठाऊक. साबण संपायचा इतके लंगोट धूत होते. तरी तापायचा. मग तुझ्या म्हणण्यावर माझाच विश्वास बसायला लागला. देवासमोर बसले की हात जोडायच्या आधी हातांचा वास घेऊन बघायचे.

पाय मी धरायचे. आई पाटावर बसायच्या, पोर पायांवर आडवं, तेलाने माखलेलं. सगळं अंग रगडून झालं की म्हणायच्या, "धर गं." मी दोन्ही घोटे धरायचे. त्या अंगठ्याने कातडी मागे ओढायच्या, आत तेलाचा थेंब सोडायच्या आणि धुवायच्या. "मुलग्याचं उघडून धुवावं लागतं, नाहीतर पुढे अडतं. दोन वाढवलेत मी असे." ते दोन म्हणजे हे आणि भाऊजी. पोर निळं पडेपर्यंत रडायचं. रक्ताचा ठिपका दिसला तर म्हणायच्या, उघडतंय. अगदी तोच शब्द. तुझ्या चिठ्ठीत तो वाचला तेव्हा जणू आई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

त्यांच्या हातात माया नाही असं मी म्हणणार नाही. आंघोळ झाली की त्याला छातीशी धरून, हुंदके थांबेपर्यंत, घरभर फिरायच्या. तुझ्याकडेही फिरत असतील.

तिसऱ्या तापात मुलांची डॉक्टरीण, पन्नाशीची, कुणाशी गोड न बोलणारी, तिने त्याचा लंगोट सोडला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

आई म्हणाल्या, "त्याच्या आईला विचारा. तिला धुता येत नाही."

"धुता येत नाही हे बरंच म्हणायचं. ओढतं कोण?"

हे जमिनीकडे बघत राहिले. या घरातल्या पुरुषांना जमीन फार आवडते.

मग तिने मला समजावलं, आणि ते तुला मी माझ्या शब्दांत सांगते. जन्मतः ती कातडी खाली चिकटलेलीच असते, बोटाला नख असतं तशी. आपोआप सुटायला काही वर्षं लागतात, कुणाला तीन, कुणाला दहा, आणि त्यात काही बिघडत नाही. ती ओढली की फाटते, भरताना आवळते, पुन्हा ओढली की पुन्हा फाटते. गुंड्याची इतकी आवळली होती की शू करताना आधी फुगा यायचा आणि मग थेंब थेंब. लघवी आत साचून राहायची, तिथे घाण धरायची, आणि ती वर चढायची. वरून दिसतं तेवढंच साध्या पाण्याने धुवायचं. ना ओढायचं, ना तेल, ना साबण. लंगोट ओला राहू द्यायचा नाही. पोट साफ राहील हे बघायचं, ते तुंबलं की लघवीही तुंबते. एवढ्यावर बहुतेक मुलगे सुखाने वाढतात. तुझाही वाढेल, वेळेवर हात थांबले तर.

एक चूक सर्वस्वी माझी होती, ती तू करू नकोस. पहिल्या तापाचं औषध मी पुरतं दिलं नाही. ताप उतरला तशी उरलेली अर्धी बाटली जपून ठेवली, पुन्हा लागली तर दुसरी आणायला नको. डॉक्टरणीला अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "बाई, औषध वाचवलंत आणि आजार पाळलात."

नंतर तपासण्या झाल्या. नळीतून रंगाचं पाणी घालून फोटो काढला. लघवी खाली यायची ती उलट वर जाते असं निघालं, ते जन्मापासूनचं. ते तसं असताना वरून ही जखम. उजव्या मूत्रपिंडाला व्रण आहेत. ते मूत्रपिंड पुढे कितपत वाढेल, आज कुणी सांगत नाही. रोज रात्री थोडं औषध द्यावं लागतं. आवळलेल्या कातडीला मलम लावून पाहिलं. नुसतीच आवळलेली असेल तर मलमाने सैल होते म्हणे, पण इथे व्रण झालेला, ती बधली नाही. मग डॉक्टरीण म्हणाली, अशा मुलात पुढची कातडी काढली तर पुन्हा पुन्हा होणारा हा त्रास पुष्कळ कमी होतो, सगळ्यांना लागत नाही, याला लागेल.

घरी आईंनी जेवण सोडलं. "आपल्या घराण्यात हे कुणी केलेलं नाही. पोराला परका करून ठेवशील. वर गेल्यावर देवाला काय दाखवणार?"

मी माळ ओढते, उपास करते, हे सगळं तू हसण्यावारी नेतेस ते मला माहीत आहे. तरी त्या प्रश्नाने मी आजारी पडले. आठवडाभर देवासमोर नुसती बसले, मागितलं काही नाही. मग वाटलं, देवाने मूत्रपिंडं दोन दिली. त्यातलं एक मी पाय धरून घालवत आणलं. त्याला दाखवायला माझ्याकडे तेवढंच आहे, कातडीचं तो विचारणार नाही. यांनी कागदावर सही केली, जमिनीकडे बघत का होईना. ऑपरेशन झालं. तेव्हापासून एकदाही ताप नाही.

गुंड्या घरी आला त्या दिवशी आईंनी पिशवी भरायला घेतली. धाकटीचे दिवस भरलेत, तिथे माझा हात लागेल, म्हणाल्या.

इथपर्यंत सोपं होतं. पुढचं लिहायचं नव्हतं. पण ते लिहिल्याशिवाय तू माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीस, आणि तो ठेवला नाहीस तर उद्या सकाळी पुन्हा ते पाटावर बसणं आहे.

पिशवी मी भरली. तेलाची बाटली सांडू नये म्हणून रुमालात मी गुंडाळली. त्या कुठे जातायत, कशाला जातायत, तिथे जाऊन पहिल्या आंघोळीला काय करणार, हे सगळं मला माहीत होतं. डॉक्टरणीने सांगितलेलं सगळं डोक्यात ताजं होतं. मी तुला लिहिणार होते. पाकीटही आणलं होतं. त्याच दुपारी तुझं कार्ड आलं. "वहिनींनी जे केलं ते त्यांना लखलाभ. आईंना आता मी सांभाळीन. माझ्या मुलाच्या बाबतीत असले प्रकार होणार नाहीत." कार्ड होतं, पाकीट नव्हे, म्हणजे टपालवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी वाचावं असं.

मी मनात म्हटलं, बघू तर. बघू कचेरीतल्या बाईचं पोर कसं कोरडं राहतं ते.

आणि आईंना गाडीत बसवून आले. खिडकीची जागा मिळवून दिली. पाया पडले.

मुलगी झाली असती तर हा विषयच नव्हता, आणि मी तेवढ्यावर देवाला सोडून दिलं होतं. मुलगा झाल्याची तार आली, तेव्हा मी साखर वाटली आणि गप्प राहिले. गुंड्याची झबली धुऊन पाठवली, त्यात एक ओळ घालता आली असती. घातली नाही. कपडे पाठवले म्हणजे आपलं मन साफ आहे अशी माझीच समजूत काढली. आज तुझ्या त्या दोन ओळी वाचल्यावर मला आधी काय वाटलं तेही सांगून टाकते. बरं वाटलं. उंबऱ्यात उभी राहून तापाची ओळ मी पुन्हा वाचली, चव घेतल्यासारखी. मग गुंड्या पडला आणि यावेळी कुणी बघत नसतानाच रडला, आणि मला तुझ्या मुलाचा आवाज कसा असेल असं झालं. मी तो कधी ऐकलेला नाही.

मला क्षमा करू नकोस, मी ती मागत नाही. आईंना हे पत्र दाखवू नकोस. दाखवून त्या थांबणार नाहीत, रडतील आणि पुन्हा धुतील. आंघोळ तू घाल. दार लावून घे. पाय धरायला कुणाला बोलावू नकोस.

तपासात काही निघालं नाही तर मला वेडी म्हण, सगळ्या नात्यात सांग, मी हसत ऐकून घेईन. निघालं तर औषध शेवटच्या थेंबापर्यंत दे, आणि लघवी वर चढते का ते आमच्यासारखं तिसऱ्या तापापर्यंत न थांबता विचार.

उलट टपाली कळव. ताप आहे की उतरला, आणि लघवीत काय निघालं, एवढंच आधी लिही. मला जे म्हणायचं ते त्याच्या खाली म्हण, हवी तेवढी जागा घे. शनिवारपर्यंत काही आलं नाही तर मी गुंड्याला घेऊन गाडीत बसते. दारात उभं केलंस तरी तिथेच बसेन.

तुझी थोरली जाऊ,
जिला हे सव्वा महिन्यापूर्वी लिहिता येत होतं