मागची पकड

प्रिय कात्सुमी,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोनच करणार होते, पण फोनवर मी जेवलास का, सर्दी गेली का, एवढंच विचारत बसते आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊक आहे, अक्षरं चुकतील ती गोड मानून घे.

तुझं कार्ड सोमवारी आलं. रविवारी काकेगावच्या रेसच्या हॉलवर जाऊन गाडी, रिमोट, हत्यारांची पेटी सगळं हॉलवाल्या मुरामात्सुंना देऊन टाकणार म्हणतोस. "डोळे गेले, ताई. हातही गेले. सेहेचाळिसाव्या वर्षी माणसानं स्वतःच ओळखावं." एवढंच. तीस वर्षं रिमोटच्या गाड्या पळवल्यास आणि निरोप दीड ओळीचा. मंगळवारी कारखान्यात मासे वाफवताना मी त्या कार्डाला इतक्या शिव्या घातल्या की शेजारची फुसाए म्हणाली, "योशिएसान, त्या बिचाऱ्या बांगड्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

गेलं वर्षभर तू त्या गाडीच्या मागच्या बाजूचे जे हाल केलेस ते मी बघत आले. आधी मागच्या स्प्रिंगा नरम घातल्यास. मग धक्के झेलणाऱ्या शॉकची वरची टोकं आत सरकवलीस, आतलं तेल पातळ केलंस. मागची चाकं आतल्या अंगाला आणखी वळवलीस. शेवटी ती आडवी तार, वळणावर गाडी कलू नये म्हणून असते ती, काढूनच टाकलीस. मागची पकड वाढली, कबूल. इतकी वाढली की गाडीचं तोंड वळेना. मुरामात्सु म्हणालेच होते, "कात्सुमी, ही रेसची गाडी आहे का शाळेची बस? बस म्हणून छान आहे, मुलं पडणार नाहीत." सगळे हसले, तूही हसलास. पण बसच्या वेगानं चालवून तू सातवा, आठवा येत गेलास आणि त्याचा ठपका डोळ्यांवर ठेवलास.

हे डोळ्यांचं खूळ तुझ्या डोक्यात कधी शिरलं तेही मला ठाऊक आहे. गेल्या वर्षीची निवड स्पर्धा. तू दुसऱ्या जागेवरून सुटणार होतास, पहिल्या दोघांना देशाच्या स्पर्धेला जायला मिळणार होतं. पहिल्याच फेरीत तिसऱ्या वळणावर तुझ्या गाडीची मागची पकड सुटली, गाडी गर्रकन फिरली, मागच्यानं येऊन ठोकली, मागचं चाक धरणारा दांडा मोडला, संपलं. नियमाप्रमाणे पुढच्या शर्यतीत उलटलेल्या गाड्या उचलायला तू वळणावर जाऊन उभा राहिलास. तुझ्या पायाशी त्या पोरगेल्या ओझावाची गाडी चाकं वर करून पडली होती आणि तू मोडलेल्या गाडीचाच विचार करत भिंतीकडे बघत होतास. ओझावा तिकडून ओरडला, "कात्सुमीसान, चष्मा घरी राहिला का आजोबा?" बास. तो संध्याकाळी विसरला. तू वर्षभर उराशी धरून बसलास.

त्या दिवशी घरी निघताना गाडीत तू एकेक शक्यता बोटावर मोजत होतास. स्प्रिंग असेल, तेल असेल, मीच लवकर वळलो असेन. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मग तू म्हणालास, "टायर ताईनं केले होते, म्हणजे टायरचा प्रश्नच नाही." आणि टायर सोडून बाकी सगळं तपासायचं ठरवलंस. वर्षभर तेच केलंस.

आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा आणि मी पंधराची. शाळा सुटली, कारखाना धरला. तिथे आजवर मला कुणी काही विचारलेलं नाही. ट्रे उचल, ट्रे ठेव. त्या हॉलवर मात्र माणसं टायर घेऊन माझ्याकडे येतात. पकडीचं औषध, टायर चिकट करायचं, कुठल्या टायरला किती आणि किती वेळ, हे योशिएसानना विचारा म्हणतात. मला ते फार आवडतं. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, आता तुला सांगते.

काल सुट्टी होती. तुझी जी जुनी गाडी माझ्याकडे पडून आहे, तिला मी त्या स्पर्धेच्या दिवशीच्या तुझ्या जुळवणीच्या कागदाप्रमाणे लावली. कागदावरची इंग्रजी नावं मला वाचता येत नाहीत, पण आकडे येतात, आणि कुठला आकडा कुठल्या जागेचा ते हातांना पाठ आहे. ट्रेननं काकेगावला गेले. हॉल रिकामा होता. मुरामात्सुंना म्हटलं, काही विचारू नका, फक्त चालवा. पहिल्यांदा टायर मी नेहमीसारखे केले. त्यांनी वीस फेऱ्या मारल्या, मागची बाजू जागची हलली नाही. मग दुसरा जोड केला, माझ्या मनातल्या पद्धतीनं. पहिल्याच फेरीला, तिसऱ्या वळणावर, गर्रकन. मुरामात्सुंनी रिमोट खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "योशिएसान, कात्सुमीला सांगितलंत का?" मी म्हटलं, उद्या सांगते. म्हणाले, "वर्षभर उद्याच चाललंय वाटतं."

तर सांगते. मागच्या टायरना औषध पूर्ण रुंदीभर, पंधरा मिनिटं. पुढच्यांना आतली अर्धीच पट्टी, पाच मिनिटं. पोरसोरांना मीच शिकवते हे. त्या दिवशी टायर नवे कोरे होते, पुढचे-मागचे ओळखायला तू त्यांच्यावर पांढरे ठिपके काढले नव्हतेस, चारही सारखे दिसत होते. तुला विचारायला हवं होतं. पण मला धीर कुठला? औषध लावून मी चहाला गेले, गप्पा मारत बसले, आणि परत येऊन घाईघाईत पुढचे मागे आणि मागचे पुढे चढवले. सगळ्या शर्यती संपल्यावर गाडी पुसायला घेतली तर मागच्या टायरवर अर्धीच काळी पट्टी होती. कळलं मला, तिथेच, त्याच क्षणी. मी ते टायर फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी घातले. ओझावा चहाचा कप घेऊन शेजारी उभा होता, त्याच्यासमोर बोलायची लाज वाटली. मग गाडीत तू ते वाक्य बोललास, आणि त्यानंतर तोंड उघडणं दर आठवड्याला आणखी अवघड होत गेलं. देशाच्या स्पर्धेची तुझी जागा माझ्या हातानं गेली, कात्सुमी. तुझ्या डोळ्यांनी नाही. ती मला परत देता येत नाही. रविवारी आधी मीच हॉलवर जाऊन सगळ्यांना हे सांगणार आहे, ओझावालासुद्धा. यापुढे माझ्याकडे टायर कोण देईल ते बघू. तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, नीट तपासून घे. खरंच अधू झाले असतील तर गाडी खुशाल देऊन टाक, मी अडवणार नाही. पण माझ्या चुकीपायी देऊ नकोस.

तुझीच,
योशिएताई