वकारचे वॅट

७ ऑगस्ट १९९८, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. कारण एकच, वकारचा सूड. सूड घ्यायचा तर नोंदी नीट पाहिजेत.

हकिकत अशी. वकार आणि मी, दोघांनी मिळून एसटीडी बूथ चालवला. मग दोघांनी मिळूनच पेजरची कंपनी काढायचं ठरलं. त्याला अँटेना औसा रोडच्या चार मजली बिल्डिंगवर पाहिजे होता. भूकंपानंतर तिथले वरचे मजले कोणी फुकटसुद्धा घेईना, म्हणून भाडं मातीमोल. मी तांत्रिक कारणाने नकार दिला. अँटेना जमिनीजवळ असला की करंट वाया जात नाही. तो म्हणाला, शिवमूर्ती, एकदा वर तर चल, बघ तर. मी गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. तो एकटाच वर गेला आणि कंपनी काढून बसला. याला गद्दारी म्हणतात.

माझी कंपनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. भूकंपाच्या साली सगळं लातूर पत्र्याखाली झोपत होतं. हळूहळू बाकीचे घरात गेले. मी मेसेज सोडायच्या मशिनच्या राखणीसाठी शेडमध्येच झोपतो. मशिन गेल्या वर्षी आलं. पण राखणीची सवय आधीपासून असलेली बरी.

१० ऑगस्ट, सोमवार

मोठा मासा. आनंदराज सर, फिजिक्सवाले. त्यांच्या क्लासमुळे आमच्या गल्लीच्या तिन्ही बाजूंनी होस्टेलं उभी राहिली, एकेक तीन-तीन मजली. माणसं किती लवकर विसरतात.

सरांना दीडशे पेजर पाहिजेत. पोरांना नव्हे, आईबापांना. पोरगं क्लासला दांडी मारून पिक्चरला गेलं की गावाकडे बापाचा पेजर वाजला पाहिजे. अट एकच, चाकूरला वाजला पाहिजे, कारण तिकडची पोरं जास्त. वकारचा वाजतो म्हणे. माझा अजून बघितलेला नाही, पण न वाजायला काय झालं? हे काम मिळालं नाही तर कंपनीला टाळं लावावं लागेल. आज माझ्याकडे सव्वीस गिऱ्हाईकं, त्यांतले बरेच सासरकडचे.

१३ ऑगस्ट

सिंधुला पेजर देऊन एसटीने चाकूरला पाठवलं. तिथे तिची मावशी असते. दिवसभर मेसेज सोडले. संध्याकाळी परत आली आणि म्हणाली, एकदा बी वाजला न्हाई. चौकशी केली. पेजर पदराच्या गाठीत बांधला होता. तिथे लहरी कुठून शिरणार? बायकोला धंद्यात घेऊ नये ते यासाठी.

वर म्हणाली, मावशीच्या शेजाऱ्याचा मातर वाजून राहिला होता, वकारभाऊंचा हाय त्यो.

वकारभाऊ. घरातच फितुरी.

१५ ऑगस्ट, झेंडावंदनानंतर

सापडला. इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही? सरकारने आम्हा दोघांना लायसनवर पंचवीस वॅटची मर्यादा घातली आहे. पंचवीस वॅटमध्ये मेसेज चाकूरला जात नाही, हे मी परवाच सिद्ध केलं. म्हणजे वकारने पॉवर वाढवली आहे. साधं गणित.

प्रतिज्ञा. वकारचं मशिन सील झालेलं पाहीन तेव्हाच पान खाईन.

१६ ऑगस्ट

साधं पान खाल्लं. प्रतिज्ञा मसाला पानाबद्दल होती.

१९ ऑगस्ट

नांदेडला जाऊन आलो. वीरण्णा रेडिओवाल्याकडून बूस्टर आणला. किती वॅट होतील विचारलं तर म्हणाला, शंभराच्या वर जाईल, लायसन बघून लावा मालक. त्याला समजावलं की ही चोरी नव्हे, हा प्रयोग आहे. पॉवर वाढवल्यावर मेसेज चाकूरला पोचला की वकार काय करतो ते आपोआप सिद्ध होतं. शिवाय मर्यादा असते ती मोकाट सुटलेल्यांसाठी. माझ्यासारख्याने ती तात्पुरती ओलांडली तर सरकारचंच काम हलकं होतं.

वीरण्णाने हो म्हणून पैसे घेतले.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

बूस्टर जोडला. दिवे लागले, पत्रा गुणगुणायला लागला. ताकद म्हणजे ताकद. वकारच्या भिंती थरथरल्या पाहिजेत. मुद्दाम लागोपाठ मेसेज सोडले.

संध्याकाळी शेजारच्या सरजाबाई दारात. म्हणाल्या, टीव्हीत नुसत्या मुंग्या येऊन राहिल्यात, मधीच टुर्र टुर्र वाजतंय, सिरियलमधी सून काय बोलली ते कळंना. माझ्या लगेच ध्यानात आलं. वकारने पॉवर आणखी वाढवली. तीसुद्धा नेमकी मी बूस्टर लावला त्याच दिवशी. याला कुठून खबर लागली?

२४ ऑगस्ट

गल्लीतल्या एकूण एक टीव्हीत मुंग्या. उद्या गणपती बसतील, आरत्या टीव्हीवर बघता येणार नाहीत, लोक पेटलेत. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. 'बेकायदा जादा पॉवर वापरून नागरिकांना त्रास' असं निवेदन लिहिलं आणि घरोघर फिरलो. पहिली सही माझी. सरजाबाईंनी अंगठा इतका जोरात दाबला की कागद फाटला. रजिस्टर पोस्टाने वायरलेसच्या ऑफिसला पाठवलं.

रात्री जेवताना सिंधु म्हणाली, तुम्ही मेसेज सोडता तवाच कशा वो मुंग्या येतात? मी म्हटलं, तेच तर, तो माझ्यावर पाळत ठेवून आहे.

२ सप्टेंबर

स्वतः चाकूरला गेलो. सिंधुला शेडमध्ये बसवलं होतं, थोड्या थोड्या वेळाने मेसेज सोड म्हणून. स्टँडवर पेजर उंच धरून उभा राहिलो. एक पोलीस येऊन काय धरलंय विचारून गेला. दुपारी पेजर वाजला. निम्मी अक्षरं गळाली होती, पण वाजला.

परतल्यावर थेट सरांकडे. दहांपैकी एक पोचला, ही तर सुरुवात आहे, म्हणालो. सर म्हणाले, दहापैकी एक मार्क पडला तर मी पोराला घरी पाठवतो. मग मी त्यांना आतली गोष्ट सांगितली. वकारचं मशिन लवकरच सील होणार, थोडं थांबा. म्हणाले, महिनाअखेरपर्यंत थांबतो.

बिचाऱ्या वकारची थोडी दया आली. जेवेपर्यंत टिकली.

९ सप्टेंबर

पत्र आलं. मंगळवारी तपासणीची गाडी येणार. सव्वीसच्या सव्वीस गिऱ्हाइकांना मेसेज सोडला, मंगळवारी गल्लीत या, चोर पकडणार. सरजाबाईंचा टीव्ही पार आंधळा झाला. शेवटचे सहा दिवस कळ काढा म्हणालो.

साहेबांसाठी हार सांगून ठेवला. वकार भेटला तर काय बोलायचं तेही पाठ केलं. काहीच बोलायचं नाही, नुसतं बघायचं.

१५ सप्टेंबर, मंगळवार

गाडी आली. आज जास्त लिहीत नाही.

१६ सप्टेंबर

नोंद ती नोंद. जीपच्या टपावर अँटेना, आत साहेब आणि काट्याचं यंत्र. मी हार घेऊन पुढे झालो आणि औसा रोड दाखवला. साहेब म्हणाले, आधी तक्रार जिथली तिथे बघू. जीप गल्लीत शिरली. मागून अख्खी गल्ली. सरजाबाई वाट दाखवत होत्या, हाव, हितं जास्त हाय, आजून म्होरं. जीप माझ्या फाटकात थांबली. काटा कडेला जाऊन चिकटला होता. साहेबांनी विचारलं, या शेडमध्ये काय आहे? हार माझ्याच हातात राहिला.

एकशेदहा वॅट निघाले. मशिन सील. साहेब म्हणाले, तक्रारदार आणि आरोपी एकच, असं फाइलला पहिल्यांदाच लागतंय. जाता जाता वकारचंही तपासलं. वीस वॅट. पंचवीससुद्धा पुरे वापरत नाही, हरामखोर. मी विचारलं, मग चाकूर? साहेब म्हणाले, त्याचा अँटेना उंचावर आहे, तुमच्या तिन्ही बाजूंना होस्टेलं, वॅट वाढवून भिंत ओलांडता येत नसते.

सरजाबाई बोलत नाहीत. टीव्ही मात्र स्वच्छ दिसतो म्हणे.

सील झालेलं मशिन पाहिलं. मसाला पान खाल्लं.

३० सप्टेंबर, बुधवार

काम वकारला मिळालं. सरांनी पेढे पाठवले, चुकून.

माझी गिऱ्हाईकं दारात येतात. सासऱ्यांचा पेजरही मुका आहे. सकाळी सिंधु म्हणाली, वकारभाऊ बाजारात भेटले होते. म्हणत होते, शिवमूर्तीला वर पाठवा, त्याची गिऱ्हाईकं बी घेतो, त्याला बी घेतो. मी म्हटलं, सुडाचा शेवटचा भाग म्हणून जातो. आतून पोखरीन.

बिल्डिंगपाशी गेलो. जिना चढायला लागलो. पहिल्या वळणावर भिंतीला हात लावला आणि भिंत हलली. हलली नसेल. भूकंपाला पाच वर्षं झाली आज. भिंत गार होती. मी खाली आलो.

समोरच्या बूथवरून त्याच्याच कंपनीला फोन केला. ऑपरेटर मुलीने विचारलं, मेसेज काय देऊ? सांगितलं, वकारला द्या, खाली ये, शिवमूर्ती.

रिसीव्हर ठेवून बाहेर आलो तर वकार जिन्यातून धावत आला. अनवाणी. मागे दोघी ऑपरेटर, ओढण्या सावरत. रस्त्याच्या मधोमध येऊन थांबला, वर बिल्डिंगकडे बघितलं, मला धरलं आणि विचारलं, हललं का?

मी म्हणालो, न्हाई.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग जिन्याकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, सूड चालू ठेवता आला असता. मुलींना म्हणाला, जा गं वर, काही न्हाई. चहा मागवला. दोघांनी फुटपाथवरच घेतला.

सर्व्हिस चांगली आहे त्याची. मेसेज लगेच पोचला.

उद्यापासून ये म्हणाला. तळमजल्यावर जिन्याखाली टेबल टाकून देतो. तक्रारी घ्यायला माणूस पाहिजेच होता.