गाडी पास होईपर्यंत

रवि. २६ ऑक्टो.

गाडीचा हॉर्न गेला. काल बिबवेवाडीच्या चौकात एक रिक्षा उलटी मागे यायला लागली म्हणून दाबला, तर आत नुसतं टिक. काच खाली करून ओरडावं लागलं. पुण्यात हॉर्नशिवाय गाडी म्हणजे मौनव्रत धरून भाजी घ्यायला जाणं.

नोव्हेंबरअखेर गाडीला पंधरा वर्षं पूर्ण. आरटीओत तपासणी करून घ्यायची. पास झाली तर अजून पाच वर्षं, नाही तर भंगारात. ह्यांनी चहा पिता पिता निकाल देऊन टाकला, "विकून टाकू." काचबिंदूमुळे डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली तेव्हा ह्यांनी गाडीवर कव्हर घातलं, आणि त्या विषयावरही. माझं लायसन्स लग्नातल्या शालूसारखं कपाटात होतं, ते मी उन्हाळ्यात बाहेर काढलं. तर हे शेजारी बसायला तयार नाहीत. परवा एकाच बारशाला मी गाडीनं आणि हे रिक्षानं! लोकांनी काय ते समजून घेतलं.

मला गाडी हवीय. इथे तरी स्पष्ट लिहिते. बँकेतून निवृत्त झाल्यावर कुणाला न विचारता करते अशी ही एकच गोष्ट. आणि ह्यांना घराबाहेर काढायचं तर तीच लागेल. नाहीतर दोघं टीव्हीसमोर, समोरासमोरसुद्धा नाही.

मंगळ. २८ ऑक्टो.

दोन गॅरेजं झाली. दोन्हीकडे बॉनेट उघडलं, च्च केलं, बंद केलं. उंदरांनी वायरी खाल्ल्यात, सगळं वायरिंग बदलावं लागेल, आणि काकू, हिच्यावर आता खर्च करू नका. शिवाय काच धुवायचं पाणी उडत नाही, डाव्या बाजूचं कार्पेट ओलं, एसी लावला की कुबट वास. आजार एक असता तर गोष्ट वेगळी.

येताना मुमताजकडे टेकले. तळमजल्यावर राहते, ब्लाउज शिवते. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातली, त्यामुळे टोमणा मारण्यात माझ्या दोन पावलं पुढे. तिला सगळं सांगितलं. मशीन न थांबवता म्हणाली, "ताई, वायर म्हणजे धागाच ना? उसवला तेवढा जोडायचा. बाही फाटली म्हणून अख्खा ब्लाउज कुणी टाकतं का?"

हे डोक्यात बसलंय. झोप नाही.

गुरु. ३० ऑक्टो.

वाजला!!

दोन दिवस फोनवर व्हिडिओ बघतेय. आधी बॅटरीची वजा बाजूची वायर सोडवायची, मग बाकीच्या गोष्टी. मुमताज टॉर्च धरून उभी. हॉर्न पुढच्या जाळीच्या मागे असतो हे मला आज कळलं. मी समजत होते, स्टिअरिंगमध्ये! त्याची एक वायर कुरतडून तुटलेली, तांब्याचे केस बाहेर. टोकं सोलली, पिळली, वरून ती आक्रसणारी नळी घातली आणि लायटरनं शेकली. बॅटरी जोडली. दाबला.

असा काही ओरडला की वॉचमन धावत आला. मुमताज म्हणे, आता पुरे. मी परत दाबला. वर गॅलरीत हे दिसले, खाली बघत होते. मी हात केला तर आत गेले. जाऊ देत. आज मला कुणी काही बोलू शकत नाही.

शनि. १ नोव्हें.

काच धुवायच्या पाण्याची नळीही उंदरानं खाल्लेली. स्वारगेटजवळच्या माशांच्या टाक्यांच्या दुकानातून हवेची नळी आणली, चपखल बसली. पाणी काचेवर न पडता थेट छतावरून मागच्या स्कूटरवर. जेटचं भोक टाचणीनं खाली वळवलं. आता बरोबर.

बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी बांधून ठेवली. सोसायटीत सगळे सांगतात, उंदीर येत नाहीत.

रवि. २ नोव्हें.

आले. हॉर्न परत मुका. गुरुवारी जोडलेल्या वायरीच्याच बाजूला नवीन दात. तंबाखूची पुडी तशीच, शेजारी लेंड्या.

रडू आलं. एवढं कशाला यावं. आलं खरं. हे म्हणाले, "सांगत होतो." मी ताट उचलून आत गेले.

सोम. ३ नोव्हें.

मुमताजचा प्रश्न: पार्किंगमध्ये गाड्यांची रांग आहे, उंदीर तुमच्याच गाडीत का? "असं काय वाढून ठेवलंय तुम्ही?"

हाच प्रश्न गॅरेजमध्ये कुणी विचारला नाही. मीही नाही.

वायर पुन्हा जोडली. उद्या पुढच्या काचेखालची ती काळी जाळी काढून बघायची. व्हिडिओतला माणूस म्हणतो, ओलं कार्पेट असेल तर तिथे बघा. पाणी तिथून निचरून खाली जायला हवं.

मंगळ. ४ नोव्हें.

हसून हसून पोट दुखतंय. नीट लिहायला हवं.

आधी वायपर काढायचे. नट गंजलेले. तेल सोडून वाट बघितली, मग पान्यावर मी आणि मुमताज दोघी लोंबकळलो. जाळीच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या नखांनी निघेनात, तर मुमताज घरी जाऊन टाके उसवायचं हत्यार घेऊन आली. टक, टक, टक, सगळ्या बाहेर. जाळी उचलली.

आत घर होतं. चहाच्या चोथ्यासारख्या झालेल्या झेंडूच्या पाकळ्या, थरावर थर. कापूस, कागद, वायरीच्या रंगीत साली, असं सगळं गोल विणून ठेवलेलं. आणि तांदूळ. मूठमूठ तांदूळ, काही अर्धे कुरतडलेले. मुमताजनं एक दाणा चिमटीत धरून उजेडात नेला. गुलाबी होता.

"ताई, ह्या अक्षता आहेत."

हे दरवर्षी दसऱ्याला गाडीची पूजा करतात. हात सढळ. काचेच्या तळाशी अक्षता, फुलं, वर हार, आणि हार सुकेपर्यंत काढायचा नाही असा ह्यांचा नियम. सगळं त्या जाळीतून आत. पाकळ्यांनी पाण्याची दोन्ही भोकं बुजली, म्हणून पाणी कार्पेटवर. तांदळावर उंदीर आले, आणि जेवणाबरोबर तोंडी लावायला वायरी. गाडीचं भलं व्हावं म्हणून केलेली पूजा, बाई!

दोघी पार्किंगच्या पायरीवर बसून हसलो. मग मुमताज हसायची थांबली आणि म्हणाली, साहेबांना सांगणार का? आमच्याकडे नवऱ्याची चूक काढली तर आठवडाभर अबोला.

सांगायचं तर आहेच. कसं, ते ठरत नाहीये. हे आधीच गाडीच्या बाबतीत इतके दुखावलेले.

बुध. ५ नोव्हें.

सांगितलं. सरळ वाटीच समोर ठेवली, गुलाबी तांदळाची.

ह्यांनी चष्मा लावला, काढला. मला वाटलं, झालं, आता गाडी उद्याच भंगारात. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी उंदरांना शिधा देत होतो." आणि लगेच, "दाखव."

खाली आले! चप्पल घालायला विसरून. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले जरा. मी भोकं दाखवली, म्हटलं मी वरून साफ केलीत, पण डाव्या बाजूचं पाणी अजून जात नाही. ह्यांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बघत नव्हते, भिंतीकडे तोंड होतं. खाली रबराची चपटी नळी असते, तिचं तोंड चिकटतं, असं पुटपुटत काहीतरी दाबलं. गाडीखाली भदकन काळं पाणी पडलं. कुठलं कोण जाणे, किती पावसाळ्यांचं. मुमताजनं टाळ्या वाजवल्या. हे तिच्याकडे वळून म्हणाले, पुढच्या दसऱ्याला अक्षता ताटलीत ठेवीन, गाडीनं बघून घ्यायच्या.

रात्री नखांतली घाण काढत बसले होते आणि चक्क गुणगुणत होते.

रवि. ९ नोव्हें.

पाण्याची चाचणी. मी आत, पाय ठेवायच्या जागेत टॉर्च घेऊन उताणी. हे बाहेरून तांब्यानं काचेवर पाणी ओतणार. दुसरा तांब्या काचेवर न पडता उघड्या दारातून थेट माझ्या पायावर.

मी ओरडणार होते. ह्यांचा चेहरा बघून गप्प बसले. तांब्या हातात तसाच. म्हणाले, "बाजूचं दिसत नाही गं मला. समोरचं दिसतं."

इतके महिने हे वाक्य घरात कुणी बोललं नव्हतं. डॉक्टरांच्या कागदावर होतं फक्त. म्हटलं, समोरचं दिसतंय ना, मग काच समोरच आहे, ओता. दार मात्र लावून घेतलं.

बादलीभर ओतलं. कार्पेट कोरडं. मी टॉर्च फिरवून फिरवून बघितलं, थेंब नाही. आतून काचेवर थाप मारली, बाहेरून ह्यांनीही मारली.

मंगळ. ११ नोव्हें.

दिवे घासले. पिवळे पडलेले, मोतीबिंदू झाल्यासारखे. (हे वाचू नये ह्यांनी.) बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मग पॉलिश. एक मी, एक हे. ह्यांचा जास्त चमकतो. मान्य.

मी गाडीच्या बातम्या मोठ्यानं वाचते, हे टिप्पणी करतात. नव्या पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांवर लक्ष ठेवा असं आलंय. लगेच खाली जाऊन सगळ्या नळ्या दाबून बघितल्या. एकीला चिरा दिसल्या, ती बदलून घेतली. ती मात्र गॅरेजमध्ये. पेट्रोलशी खेळ नको, ह्यात दोघांचं एकमत. किती दिवसांनी.

हँडब्रेक: जवळच्याच अप्परच्या चढावर उभी करून बघायची होती. मी किल्ली घेतली तर हे पुढचं दार उघडून बसलेले. "वजन लागेल," म्हणाले. मी लगेच गाडी सुरू केली, न जाणो उतरतील. चढावर गाडी थोडी घरंगळली. घरी येऊन तारेचा नट आवळला, परत गेलो. जागची हलली नाही. येताना विनाकारण लांबच्या रस्त्यानं आलो.

शुक्र. १४ नोव्हें.

तपासणी. स. लवकर निघालो, मी चालवत, हे शेजारी. स्वारगेटच्या गर्दीत एकदाही "सावकाश" म्हणाले नाहीत. डाव्या बाजूनं बस आली तर मीच सांगितलं, बस आहे. हो म्हणाले. येरवड्यापर्यंत असंच, मी बाजूचं सांगतेय आणि हे पुढचा सिग्नल.

आरटीओच्या मैदानात रांग. तपासणीचे साहेब तरुण, घाईत. हॉर्न. वाजला. वायपर, पाणी, दिवे, इंडिकेटर. सगळं ठीक. मग ह्यांच्याकडे वळून विचारलं, वायरिंगला जोड दिलेत, कुठे करून घेतलं काम?

हे म्हणाले, "मला काय विचारता? हिला विचारा. हिनं केलंय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग जोडाकडे. जरा वाकून परत बघितलं. मी सगळं सांगायला लागले, नळी, लायटर, अक्षता. अक्षतांशी आल्यावर हे खोकले. मी थांबले.

पण मग साहेब गाडीखाली वाकले आणि तिथे वेळ लागला. डाव्या बाजूला खाली गंज. इतकी वर्षं पाणी मुरलं तिथेच. पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. वरच्या साहेबांना फोटो दाखवावे लागतील म्हणाले, निकाल मेसेजवर येईल. पास की नापास विचारलं, तर मोघम मान हलवली. त्या मानेचा अर्थ आम्ही येरवड्यापासून घरापर्यंत लावत आलो.

खाली मुमताज वाट बघत उभी. सांगितलं. ती म्हणाली, गंजाला ठिगळ लावता येतं, ताई, पत्र्याचं. हे लगेच तिच्याशी वेल्डिंगवर बोलायला लागले.

दु. जेवताना माझं सगळं लक्ष फोनकडे. हे शांतपणे आमटी ओरपत होते. मी म्हटलं, नापास झाली तर? तुम्ही तर विकायलाच निघाला होतात.

म्हणाले, "नापास झाली तर जुनीच बघू एखादी. नव्या गाडीत तुला करायला काही उरत नाही."

आणि आमटी अजून वाढ म्हणाले.

संध्याकाळ झाली. मेसेज नाही. फोन ह्यांच्याकडे दिलाय, अक्षर मोठं करून. दर थोड्या वेळानं उचलून बघतात आणि मला दिसणार नाही असं खाली ठेवतात.