सूनबाईचं सूप

३ फेब्रुवारी

डॉक्टर आज स्पष्टच बोलले — ऑपरेशननंतर अंगात काही उरलेलं नाही, अंडी आणि मटणाचं सूप सुरू करा. मी म्हटलं, सत्तर वर्षांत शिवलो नाही, आता काय तोंडाला लावणार! तीस वर्षं दर रविवारी शास्त्राचा वर्ग घेतोय, मांसाहार निषिद्ध म्हणून घसा कोरडा करतोय. डॉक्टर माझ्याकडे नाही, सूनबाईकडे बघत होते. ती म्हणाली, "बघते मी." काय बघणार?

ती माहेरी सगळं खाते. या घरात शिजवायचं नाही, एवढं लग्नात ठरलं होतं. नऊ वर्षं शब्द पाळलाय. निदान माझ्यासमोर.

७ फेब्रुवारी

चार दिवस झाले, रोज दुपारी चारला सूप. काळपट तपकिरी, वर तेलाचा तवंग. कशाचं, विचारलं. "डाळीचं, बाबा." डाळ असली? मी जन्मभर डाळ खातोय. करताना स्वयंपाकघराचं दार लावून घेते. पातेलं वेगळं, घासते स्वतःच. कुठेतरी पाणी मुरतंय.

८ फेब्रुवारी

दोन वाट्या प्यायलो. नीट तपासल्याशिवाय आरोप करणं बरं नाही.

१२ फेब्रुवारी

काठीशिवाय जिना उतरलो. डाळीने?

कचऱ्याचा डबा उघडून पाहिला — कांद्याची सालं, चहाचा चोथा. हाडं नाहीत. हुशार आहे. दवाखान्यात नर्स आहे, तिकडेच नेऊन टाकत असेल. मुलाला आडून विचारलं, "तुझी बायको बाजारातून काय काय आणते रे?" त्याने कानावर हात ठेवले. "तिलाच विचारा ना."

विचारलं आणि ती हो म्हणाली, तर? मग तिच्या हातचं खाणं संपलं. सूपही बंद. आणखी चार दिवस पाहू.

१६ फेब्रुवारी, रविवार

ऑपरेशननंतरचा पहिला वर्ग. पोस्टमास्तर हजर — निवृत्त, हट्टी, आणि वर्षानुवर्षं एकच प्रश्न: जीव धोक्यात असेल तर मांस चालतं असं स्मृतीतच म्हटलंय, त्याचं काय? माझं ठरलेलं उत्तर: तो श्लोक प्रक्षिप्त, मागून कुणीतरी घुसडलेला. आज तोंडून निघालं, "मूळचाच असावा. शास्त्रकारांनाही माणसाची काळजी होतीच की." पोस्टमास्तर बघतच राहिले. जाताना म्हणाले, "तब्येत बरी आहे ना, गुरुजी?"

घरी येऊन पोथीत तो श्लोक काढला. शेजारी पेन्सिलची फुली आहे, माझ्याच हातची, तरुणपणची. खोडरबराने पुसून टाकली.

२१ फेब्रुवारी

वजन दोन किलो वाढलं. डॉक्टरांनी सूनबाईला विचारलं, "काय देता यांना?" ती नुसती हसली. ते हसणं मला आवडलं नाही. पण मूग गिळून बसलो.

२३ फेब्रुवारी

आज म्हणाली, "बाबा, आता छान ठणठणीत झालात. उद्यापासून सूप बंद." माझं डोकंच फिरलं. "बंद? इतके दिवस मला फसवून मटण पाजलंस, आणि आता बंद?"

 तिने माझा हात धरून स्वयंपाकघरात नेलं, स्टुलावर बसवलं. मसूर शिजवले. कांदा पार काळा होईस्तोवर भाजला, वाटला, वरून तूप. दार लावायची ते धुराने मला खोकला येऊ नये म्हणून. पातेलं वेगळं, कारण तळ करपतो; आणि कामवालीला तास तास घासत बसावं लागू नये म्हणून ते स्वतःच घासायची. वाटी पुढे केली. तोच रंग, तोच वास. तीच चव!

२४ फेब्रुवारी

सकाळी सूनबाईची माफी मागितली. "राहू द्या हो बाबा," म्हणाली. "पण एक सांगा. मटणच आहे असं वाटत होतं, तर रोज प्यायलात कसे?"

 उत्तर फक्त इथे लिहितो. नऊ वर्षांत या घरात कुणी मांस खाल्लं नव्हतं. गेले एकोणीस दिवस मी खात होतो.